भिंत कुणाची, रंग कुणाचा?

१९ नोव्हेंबर २०१३ची सकाळ. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातले नोकरदार नेहमीप्रमाणे ७ नंबरची गाडी पकडून मॅनहॅटनकडे निघाले होते. नावाला भुयारी रेल्वे, पण या भागात ती रस्त्याच्या वरून, पुलावरून धावते. लाँग आयलंड सिटीपाशी गाडी वळण घेते, तिथे खिडकीतून एक जुनाट, अवाढव्य फॅक्टरी दिसायची. दिसायची म्हणजे काय, डोळ्यांत घुसायची! जोत्यापासून गच्चीपर्यंत विटेचा मूळ रंग कुठे म्हणून शिल्लक नव्हता. पुरुषभर उंचीची अक्षरं, एकमेकांत गुंतलेले बाण, गायकांचे चेहरे, कार्टून, राक्षस... रोज बघून सवय झालेल्या प्रवाशांचीही पेपरात खुपसलेली मान तेवढ्यापुरती वर व्हायची.

त्या सकाळी मान वर झाली ती तशीच राहिली. फॅक्टरी जागेवर होती, रंग गेले होते. रात्रीत कुणीतरी सगळ्या इमारतीवर पांढरा रंग फासला होता. तोही धसमुसळेपणानं. काही ठिकाणी खालचं चित्र अर्धवट डोकावत होतं, एखादा डोळा, एखाद्या अक्षराची शेपटी. संध्याकाळपर्यंत माणसं जमली, मेणबत्त्या लागल्या. कुणी गेल्यावर घरी भेटायला जावं, तशी माणसं त्या भिंतीला भेटायला आली.

या जागेला लोक ‘फाइव्ह पॉइंट्झ’ म्हणायचे. न्यू यॉर्क शहराचे पाच विभाग जिथे एकत्र येतात ती जागा, असा त्या नावाचा अर्थ. इमारतीचे मालक जेरी वोल्कॉफ. त्यांनी १९९०च्या दशकापासून रस्त्यावरच्या चित्रकारांना या भिंती खुशाल वापरू दिल्या होत्या. २००२पासून ‘मेरेस वन’ या नावानं रंगवणारा जोनाथन कोहेन तिथली व्यवस्था बघायचा. कुणाला कोणती भिंत द्यायची, कुणाचं चित्र दिवसभर ठेवायचं, कुणाचं वर्षानुवर्षं जपायचं, हे सगळं तो ठरवायचा. देशोदेशीचे चित्रकार येऊन गेले. शाळांच्या सहली येऊ लागल्या. मग आजूबाजूच्या जागेचे भाव वाढले आणि वोल्कॉफनी इमारत पाडून तिथे उंच टॉवर बांधायचं ठरवलं. चित्रकार कोर्टात गेले. पाडकामाला मनाई करायला न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी नकार दिला, सविस्तर निकालपत्र नंतर देऊ असं सांगितलं. ते निकालपत्र येण्याआधीच, मध्यरात्री, पोलीस बंदोबस्तात, मालकानं रंगारी बोलावले.

आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत हा विषय निघाला असता, तर दहापैकी नऊ जण एकच बोलले असते. भिंत मालकाची, चुना मालकाचा, मग तक्रार कसली? उलट फुकटात वीस वर्षं भिंत वापरू दिली, त्याचे उपकार माना! तिथेही पुष्कळ लोक असंच म्हणत होते. आणि तरीही फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच न्यायाधीशांनी वोल्कॉफना ६७ लाख ५० हजार डॉलर्स, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं सुमारे ४३ कोटी रुपये, भरपाई म्हणून २१ चित्रकारांना द्यायला सांगितले!

चाळीस वर्षांपूर्वी याच शहरात, याच रंगाच्या डब्यासाठी पोरांना हातकड्या पडत होत्या. मधल्या काळात रंग तोच राहिला. बदललं ते काय?

मराठी वाचकाला ‘ग्राफिटी’ म्हटलं की एका दैनिकात विटांच्या भिंतीच्या चित्रावर छापून येणारी एका ओळीची चुरचुरीत कोटी आठवते. वाचायची, हसायचं, पुढच्या पानावर जायचं. मूळ ग्राफिटी एवढी सोज्वळ नव्हती. तिची सुरुवात झाली ती साध्या नावापासून. फिलाडेल्फियात १९६०च्या दशकात सुधारगृहात राहिलेला डॅरिल मॅक्रे हा कृष्णवर्णीय मुलगा स्वयंपाक्याच्या मागे मक्याच्या पावासाठी लकडा लावायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘कॉर्नब्रेड’. बाहेर आल्यावर सिंथिया नावाच्या एका मुलीवर मन जडलं, तेव्हा तिच्या घराच्या वाटेवरच्या भिंतींवर ‘कॉर्नब्रेडचं सिंथियावर प्रेम आहे’ असं लिहून ठेवण्याचा सपाटा त्यानं लावला. पुढे प्रेम मागे पडलं आणि लिहिणं तेवढं राहिलं. एकदा पेपरांनी चुकून तो मेल्याची बातमी छापली. आपण जिवंत आहोत हे गावाला कळवायचं कसं? तो प्राणिसंग्रहालयात शिरला आणि चक्क हत्तीच्या अंगावर ‘कॉर्नब्रेड जिवंत आहे’ असं लिहून आला. हा किस्सा तो स्वतःच सांगत आला आहे.

न्यू यॉर्कचा मानकरी वेगळा. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला १८३व्या रस्त्यावर राहणारा दिमित्रियस नावाचा ग्रीक वंशाचा मुलगा. लाडाचं नाव टाकी. आपल्याकडे टाकी म्हणजे पाथरवटाचं हत्यार, या टाकीच्या हातात होता साधा मार्कर. निरोप्याचं काम असल्यामुळे कागदपत्रं पोचवायला तो शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे, खांबावर, जिन्यात, रेल्वेच्या डब्यात ‘टाकी १८३’ अशी सही ठोकून यायचा. लोक बुचकळ्यात पडले. हा टाकी आहे तरी कोण? २१ जुलै १९७१ला ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं त्याला शोधून त्याच्यावर बातमी केली. अशी लिखाणं पुसायला रेल्वेला वर्षाला ३ लाख डॉलर्स खर्च येतो, हा आकडाही त्याच बातमीत होता. पण पोरांनी आकडा वाचलाच नाही. भिंतीवर नाव लिहिलं की पेपरात नाव येतं, एवढंच त्यांनी वाचलं!

टाकीनं मात्र वार्ताहराला एक प्रश्न विचारला होता. निवडणुकीच्या दिवसांत पक्षाची माणसं रेल्वेभर स्टिकर चिकटवून जातात, त्यांना कुणी धरत नाही, मग आमच्यासारख्या लहान माणसालाच का धरता? पन्नास वर्षांहून जास्त काळ उलटला, तरी याचं धड उत्तर कुणी दिलेलं नाही.

मग वर्षा-दोन वर्षांत शेकडो पोरं या नादाला लागली. बहुतेक ब्राँक्स, हार्लेम, ब्रुकलिनमधली, गरीब वस्त्यांतली, काळी, पोर्टो रिकन आणि काही गोरीसुद्धा. मार्करची जागा स्प्रेच्या डब्यानं घेतली. नेमका स्प्रे बारीक रेघ मारतो, जाड फटकारा मिळत नाही, म्हणून घरातल्या साफसफाईच्या डब्यांची तोंडं काढून ती रंगाच्या डब्यावर बसवायची युक्तीही निघाली. सह्यांची अक्षरं फुगली, अक्षरांना सावल्या आल्या, सावल्यांच्या मागे ढग आले, आणि बघता बघता रेल्वेचा अख्खा डबा म्हणजे पंधरा-सोळा मीटर लांबीचं एकच चित्र होऊन गेला. हे काम चालायचं रात्री, यार्डात उभ्या गाड्यांवर, सहाशे व्होल्टच्या तिसऱ्या रुळाला पाय लागू न देता. रंग बहुतेक वेळा दुकानातून उचललेला. सकाळी स्टेशनवर उभं राहून वाट बघायची, आणि आपलं नाव ब्राँक्समधून निघून थेट ब्रुकलिनला जाताना बघायचं. ज्या पोरांना त्या शहरात कुणी नावानं हाक मारत नव्हतं, त्यांचं नाव लाखो लोकांपुढून रोज मिरवत जात होतं.

प्रवाशांची बाजू मात्र विसरून चालणार नाही. १९७५ साली न्यू यॉर्क शहराचं दिवाळं वाजायच्या बेतात होतं. गाड्या बंद पडत, दिवे जात, डब्यात लूटमार होई. त्यात आत-बाहेर सगळीकडे खरडलेलं, नकाशे झाकलेले, खिडक्यांची काच रंगानं आंधळी झालेली. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला बाहेरच्या स्टेशनचं नाव दिसत नसेल, तर अक्षरांच्या सावलीचं कौतुक ती काय करणार? समाजशास्त्रज्ञ नेथन ग्लेझर यांनी १९७९मध्ये हेच मांडलं. लिहिणारा आणि लुटणारा एकच नसेलही, पण इथे कुणाचाच ताबा उरलेला नाही, ही भावना प्रवाशाच्या मनात दोघे मिळून निर्माण करतात. पुढे १९८२च्या मार्चमध्ये ‘अटलांटिक’ मासिकात जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा ‘फुटक्या खिडक्या’ हा लेख आला. एक फुटकी काच तशीच राहू दिली तर बाकीच्याही फुटतात, असा त्याचा सांगावा. तो जगभरच्या पोलिसांनी उचलला. ग्राफिटीवाला हा तेव्हापासून नुसता खोडकर पोरगा राहिला नाही, मोठ्या गुन्ह्याची पहिली पायरी ठरला.

शहरानं उपाय थोडे केले नाहीत. महापौर लिंडसे यांच्या काळात १९७२ साली कायदा झाला. महापौर एड कॉच यांनी १९८१मध्ये यार्डाभोवती दुहेरी कुंपण घालून मध्ये कुत्री सोडली. आपल्या हातात असतं तर कुत्र्यांऐवजी लांडगे सोडले असते, असंही ते बोलून गेले. पण लागू पडला तो उपाय वेगळाच होता. १९८४मध्ये रेल्वेचे प्रमुख म्हणून आलेल्या डेव्हिड गन यांनी नियम केला, की एकदा स्वच्छ झालेली गाडी रंगवलेल्या अवस्थेत पुन्हा रुळावर धावायची नाही. रंगवली की लगेच बाजूला काढायची, पुसायची, मगच सोडायची. म्हणजे रात्रभर मेहनत करणाऱ्या पोराला सकाळी आपलं नाव धावताना दिसायलाच नको! १२ मे १९८९ला रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढल्याचं जाहीर झालं. कुत्र्यांना जे जमलं नाही, ते या साध्या मानसशास्त्रानं करून दाखवलं.

या काळातलं वातावरण बघायचं असेल तर १९८३चा ‘स्टाइल वॉर्स’ हा माहितीपट बघावा. त्यात पोलीस आहेत, महापौर आहेत, पण लक्षात राहते ती एक आई. स्वयंपाकघरात उभी राहून ती आपल्या मुलाला विचारते आहे, की मध्यरात्री यार्डात जाऊन तू मिळवतोस काय? मुलगा सांगतोय, की माझं नाव सगळ्या लाइनवर लागलंय. तिला ते कळत नाही, आणि त्याला तिला कळत नाही हे कळत नाही. घरोघरी मातीच्या चुली!

त्या आईची काळजी पोकळ नव्हती. माहितीपट आला त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९८३च्या पहाटे, मायकल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुण कलावंताला मॅनहॅटनच्या फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनात भिंतीवर लिहिताना पकडल्याचं सांगून रेल्वे पोलिसांनी अटक केली. अर्ध्या तासाच्या आतबाहेर तो बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात पोचला. तेरा दिवसांनी, शुद्धीवर न येताच, गेला. सहा पोलिसांवर खटला चालला. १९८५मध्ये सगळे निर्दोष सुटले.

ज्याँ-मिशेल बास्किया हा तरुण चित्रकार स्टुअर्टला ओळखत होता. त्यानंही चार-पाच वर्षांपूर्वी ‘सेमो’ या टोपणनावानं मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्यं लिहिली होती. आपणही त्याच्या जागी असू शकलो असतो, हे त्याच्या मनातून जाईना. मित्र कीथ हेरिंगच्या स्टुडिओत गेला असताना तिथल्या भिंतीवरच त्यानं एक चित्र काढलं. दोन पोलीस, उगारलेल्या काठ्या, मध्ये एक काळी आकृती. हेरिंगनं पुढे जागा बदलताना तो तुकडा भिंतीतून कापून घेतला, त्याला चौकट केली आणि अखेरपर्यंत आपल्या पलंगाच्या वर लावून ठेवला. बास्किया १९८८मध्ये २७व्या वर्षी गेला, हेरिंग १९९०मध्ये ३१व्या वर्षी. २०१९मध्ये तेच चित्र मधोमध ठेवून न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं अख्खं प्रदर्शन भरवलं.

आणि त्याच्या दोन वर्षं आधी, मे २०१७मध्ये, बास्कियाचं १९८२मधलं एका कवटीचं चित्र सदबीजच्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलर्सना गेलं. रुपयांत सांगायचं तर सातशे कोटींच्या पुढे. स्टुअर्टच्या नावावर असा कुठला आकडा नाही. एका पिढीचे, एकाच शहराचे, एकमेकांना ओळखणारे दोन तरुण. एकाचा हात गॅलरीवाल्यांनी धरला, दुसऱ्याचा पोलिसांनी.

गॅलरीवाल्यांची नजर तशी लवकर वळली होती. १९७९मध्येच रोममधल्या एका गॅलरीनं ली किन्योनेस आणि फॅब फाइव्ह फ्रेडी या रेल्वेवाल्या पोरांची चित्रं मांडली. १९८४मध्ये मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट या छायाचित्रकारांचं ‘सबवे आर्ट’ हे पुस्तक आलं. गाड्या धुतल्या गेल्या, पण फोटो उरले, आणि त्या फोटोंवरून बर्लिनपासून मेलबर्नपर्यंतच्या पोरांनी अक्षरं गिरवली. हेरिंगचं तर नशीबच निराळं. स्टेशनातल्या जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदावर तो खडूनं चित्रं काढायचा, म्हणून कितीदा तरी पकडला गेला. १९८६मध्ये त्यानं हार्लेममध्ये हायवेलगतच्या हँडबॉलच्या भिंतीवर, परवानगी न घेता, क्रॅक या नशेच्या पदार्थाविरुद्ध भलंमोठं चित्र रंगवलं. त्याला पकडून दंड करण्यात आला. तोवर टीव्हीवाल्यांनी तेच चित्र नशेविरुद्धच्या बातम्यांमागे दाखवायला सुरुवात केली होती! शेवटी शहराच्या उद्यान खात्यानंच त्याला ते पुन्हा काढायला बोलावलं. त्याच वर्षी, त्याच भिंतीवर, त्याच माणसानं. एकदा गुन्हेगार म्हणून, एकदा पाहुणा म्हणून.

फिलाडेल्फियानं यातून जास्त शहाणपणा दाखवला. १९८४मध्ये तिथल्या महापौरांनी ग्राफिटीविरोधी मोहीम काढली, तेव्हा जेन गोल्डन या चित्रकार बाईंना भिंती रंगवणाऱ्या पोरांशी बोलायच्या कामावर नेमलं. बाईंच्या लक्षात आलं, की यांच्या हाताला चांगलं वळण आहे. पोरांना शिड्या मिळाल्या, ब्रश मिळाले, भिंती मिळाल्या. त्या मोहिमेतूनच पुढे शहराचा भित्तिचित्र कार्यक्रम उभा राहिला आणि हजारो चित्रं झाली. अर्थात, रात्री चोरून लिहिणारे काही कमी झाले नाहीत. परवानगीची मजा आणि बिनपरवाना मजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारावं.

आता परत त्या पांढऱ्या फॅक्टरीकडे. अमेरिकेत १९९० साली दृश्यकलावंतांच्या हक्काचा कायदा झाला. चित्र विकलं गेलं, भिंत दुसऱ्याची असली, तरी मान्यता पावलेली कलाकृती नष्ट करण्याआधी कलावंताला लेखी नोटीस द्यायची आणि ती वाचवायला ९० दिवस द्यायचे, असं त्यात आहे. हा कायदा करताना कुणाच्या डोळ्यांपुढे स्प्रेचा डबा नसावा. पण २०१७मध्ये तीन आठवडे सुनावणी चालली, जाणकारांच्या साक्षी झाल्या, आणि फाइव्ह पॉइंट्झवरच्या ४९ चित्रांपैकी ४५ चित्रं ‘मान्यता पावलेली’ ठरली. प्रत्येकी दीड लाख डॉलर्स, म्हणजे कायद्यातली कमाल रक्कम.

इमारत पाडायचा मालकाचा हक्क कोर्टानं नाकारला नाही. ती २०१४मध्ये पाडलीसुद्धा गेली. दोष धरला तो त्या रात्रीच्या घाईला. नोटीस दिली असती, पाडायच्या दिवसापर्यंत थांबले असते, तर चित्रकारांनी काही तुकडे काढून नेले असते, निदान नीट फोटो तरी घेतले असते. वोल्कॉफ म्हणत, की एकेक चित्र फुटताना बघायचा छळ कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून एका रात्रीत संपवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. २०२०च्या फेब्रुवारीत अपिलातही निकाल कायम राहिला, जुलैमध्ये वोल्कॉफ वारले, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

यात एक गंमत आहे. त्या भिंतींवर चित्रकार स्वतःच एकमेकांच्या चित्रांवर चित्रं काढत होते. दर आठवड्याला काहीतरी झाकलं जायचं, आणि त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. एका चित्रावर दुसरं चित्र आलं तर ती रीत, पांढरा रंग आला तर तो अपमान. हे बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण ज्यांनी दारातली रांगोळी रोज पुसून रोज नवी काढली आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपण पुसणं वेगळं, दुसऱ्यानं पाय फिरवणं वेगळं.

कोर्टाच्या बाबतीत भारत फार मागे होता असंही नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. सरकारनंच करवून घेतलेलं. १९७९मध्ये दुरुस्तीच्या वेळी ते न विचारता उतरवलं आणि अडगळीत टाकलं. सेहगल कोर्टात गेले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमावर बोट ठेवून पाच लाखांची भरपाई दिली आणि शिल्पाचे उरलेले तुकडे त्यांना परत करायला लावले. पैसे देऊन वस्तू सरकारची झाली, पण करणाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध विकला जात नाही, असा त्याचा अर्थ. फक्त तो मिळवायला २६ वर्षं गेली.

भिंतीवर लिहिण्याचं वावडं तर आपल्याला कधीच नव्हतं. कोलकात्यात निवडणुकीच्या कितीतरी आधी पक्ष भिंतींवर आपलं नाव घालून त्या राखून ठेवत आले आहेत, रेल्वेच्या सीटवर रुमाल टाकावा तशा. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा १९९५चा आहे, त्यात तुरुंगवासही आहे आणि दंडही. तो असताना वाढदिवसाच्या शुभेच्छांनी कोणती भिंत, कोणता खांब मोकळा राहिला? टाकी १८३नं इथे येऊन तोच प्रश्न विचारला असता.

आणि किल्ल्यांवर बाण मारलेले बदाम? ती काही कला नव्हे, त्याला दंडच हवा, यात दुमत असायचं कारण नाही. पण अजिंठ्याच्या १०व्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं एका प्राचीन चित्रावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. तोही शुद्ध बेपर्वाईचाच नमुना. तरी आज गाइड बॅटरीच्या उजेडात पर्यटकांना ते मुद्दाम दाखवतात, कारण लेण्यांचा पुन्हा शोध लागल्याचा तोच लेखी पुरावा होऊन बसला आहे. श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या आरसेभिंतीवर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी ओरखडलेल्या कविता आहेत. त्या सिंहली भाषेचा ठेवा म्हणून जपल्या जातात, त्यांच्यावर ग्रंथ निघाले आहेत. त्याच भिंतीवर २०१५मध्ये एका तरुणीनं आपलं नाव ओरखडलं, तेव्हा तिला दोन वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून ती सुटली.

मुंबईत रंगाची हवा फिरली ती २००९च्या ऑगस्टमध्ये. माहीम-दादरकडच्या तुळशी पाइप रोडला लागून असलेली रेल्वेची लांबलचक भिंत, जिच्याजवळून लोक नाक दाबून जायचे, ती ‘वॉल प्रोजेक्ट’च्या तरुणांनी संमती काढून सगळ्यांसाठी खुली केली. शेकडो माणसं ब्रश घेऊन आली, चित्रकार आणि ज्यांनी शाळेनंतर ब्रश धरला नव्हता असेही. सगळी चित्रं चांगली होती असं म्हणवत नाही. काही तर चक्क पोस्टरवरच्या सुविचारांसारखी होती. पण लोक त्या भिंतीकडे बघून चालायला लागले, हे नाकारता येत नाही.

वांद्र्याच्या चॅपेल रोडवर २०१२मध्ये रणजित दहिया यांनी ‘अनारकली’ सिनेमाचं चित्र अख्ख्या भिंतीवर उतरवलं. २०१४मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळके अवतरले, तेही त्यांच्याच पुढाकारानं. दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतजवळचे. आणि चित्रकार होण्याआधी ते काय काम करायचे? घरांना सफेदी मारायचं!

त्याच २०१४ साली दिल्लीत आयटीओजवळ महात्मा गांधींचं सुमारे दीडशे फूट उंचीचं चित्र झालं. हेंड्रिक बायकिर्श या जर्मन चित्रकारानं अनपू वर्की यांच्यासोबत केलेलं. ज्या भिंतीवर ते झालं, ती इमारत त्या वेळी दिल्ली पोलिसांचं मुख्यालय होती. ज्यांचं काम भिंत रंगवणाऱ्याला धरायचं, त्यांनीच आपली भिंत पुढे केली. लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंती तर आता परदेशी पाहुण्यांना दाखवायची जागा झाल्या आहेत.

म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये अहमदाबादच्या नव्याकोऱ्या मेट्रोचे डबे रंगवले म्हणून चार इटालियन तरुणांना पोलिसांनी पकडलं. उद्घाटन होऊन आठवडाही झाला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी ब्राँक्सच्या पोरांनी लावलेलं वेड अजून देशोदेशीच्या यार्डांत फिरतंच आहे. बँक्सी तर त्यातला जगज्जेता. त्याचं एक चित्र २०१८च्या लिलावात विकलं गेल्याच्या क्षणी चौकटीतल्या यंत्रानं अर्धं कातरलं, आणि तीन वर्षांनी ते कातरलेलंच चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांना गेलं. पण सप्टेंबर २०२५मध्ये त्यानं लंडनच्या उच्च न्यायालयाच्या भिंतीवर हातोडा उगारलेला न्यायाधीश आणि त्याच्याखाली पडलेला निदर्शक काढला, तेव्हा कोटींचा हिशेब कुणी केला नाही. चित्र झाकलं, मग घासून काढलं. संरक्षित वास्तू आहे, असं कारण दिलं गेलं. ते खरंही होतं. घासल्यावर भिंतीवर काळपट सावली उरली, आणि लोक तिचे फोटो काढायला येत राहिले.

फाइव्ह पॉइंट्झच्या जागी दोन उंच टॉवर उभे राहिले. हजाराहून जास्त फ्लॅट, खाली दुकानं. ज्या नावानं चित्रकार त्या जागेला ओळखायचे, ते नाव आपल्या टॉवरसाठी ट्रेडमार्क करून मिळावं म्हणून मालकाच्या कंपनीनं अर्ज केला, तेव्हा चित्रकारांनी पुन्हा सह्यांची मोहीम काढली. या वेळी सह्या कागदावर होत्या. टॉवर शेवटी त्याच नावानं ओळखले जाऊ लागले. ७ नंबरच्या गाडीतून ते अजूनही वळणावर दिसतात, काचेचे, गुळगुळीत. पेपरातली मान वर व्हायचं काही कारण उरलेलं नाही.